ई-रीडर म्हैसूरलाच राहिला

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी म्हैसूरला मामाकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्या हातात एक पातळ काळी पाटी ठेवली. किंडल! नववीत चांगले गुण मिळाले तर घेऊन देईन, असे त्याने कबूल केले होते.

आम्हा कॅडेट्सना हे यंत्र का हवेसे वाटते, ते पालकांसाठी सांगतो. ट्रंकेत गणवेश, बूट, पॉलिशची डबी आणि क्रमिक पुस्तके कोंबली की गोष्टींची जेमतेम दोन पुस्तके मावतात. इथे हजारो मावतात. शिवाय त्यावर फोन येत नाही, त्यामुळे हाऊसमास्तर सर परवानगी देतील अशी आशा होती.

मामाने पडद्याचे गुपित सांगितले. आत अगदी बारीक कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केले की कितीतरी दिवस पुरते. भर उन्हातही ते कागदासारखे दिसते. अशा शाईचा ई-रीडर सोनीने २००४ साली जपानमध्ये विकायला आणला, किंडल २००७ मध्ये अमेरिकेत आले आणि त्यावर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली.

आजी गेल्यावर मामाने आजोबांना कोल्हापूरहून म्हैसूरला आणले. इथे सगळीकडे कन्नड. मराठी पुस्तक येणार ते पाहुण्यांच्या पिशवीतून. त्यांच्या कपाटात दोन फळ्या भरून पुस्तके आहेत, पण डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. भिंगाने चार ओळी वाचतात आणि ठेवून देतात. मला वाटायचे, त्यांना वाचनाचा कंटाळा आला असेल.

एका संध्याकाळी आम्ही ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटवरून जात होतो. आजोबा थांबले. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ताडपत्रावरची पोथी १९०५ मध्ये याच संस्थेच्या आर. शामशास्त्री यांना सापडली. तंजावरकडच्या एका पंडिताने ती आणून दिली होती, लिपी ग्रंथ. त्यांनी १९०९ मध्ये ती छापली. (वादविवाद स्पर्धेत आपण चाणक्याला किती वेळा वेठीला धरतो! मला यातले काही ठाऊक नव्हते.)

"नाव सगळ्यांना माहीत होतं रे," आजोबा म्हणाले. "ग्रंथही होता. वाचणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता, एवढंच."

त्या रात्री मी किंडलवरची अक्षरे वाढवत वाढवत नेली. पानावर सहाच ओळी राहिल्या तेव्हा आजोबा म्हणाले, "थांब." मग ते पाऊण तास बोललेच नाहीत. मी वाचत असलेलीच कादंबरी होती ती.

सगळे जमले असे नाही. त्यांच्या आवडीची कितीतरी जुनी पुस्तके त्यावर मिळाली नाहीत. एक मिळाले ते छापील पानांचे फोटो काढलेले. त्यातली अक्षरे वाढेनात आणि सहा इंचांच्या पडद्यावर तर ती मुंग्यांसारखी दिसत.

निघायच्या दिवशी मी किंडल बॅगेत ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. खरे सांगतो, मला ते द्यायचे नव्हते. दुसरे घेता येईल का, असे मामाला विचारून पाहिले. "दहावीनंतर बघू," म्हणाला. आजोबांनी ऐकले असावे. "तुझं आहे, घेऊन जा," ते म्हणाले, "मला भिंग आहे." ते रागावले असते तर सोपे गेले असते. रिक्षा आली तेव्हा मी ते त्यांच्या उशीपाशी ठेवले आणि पाया पडून निघालो.

आता ट्रंकेत पुन्हा दोनच पुस्तके आहेत. गेल्या रविवारी घरच्या फोनच्या वेळेत आजोबांशी बोललो. किंडल वाचून किती झाले ते टक्क्यांत दाखवते. मी ती कादंबरी चौतीस टक्क्यांवर सोडली होती.

"ब्याण्णव टक्के झाले," आजोबा म्हणाले. "शेवट काय होतो सांगू?"

"नको, आजोबा!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की रांगेतली सगळी मुले माझ्याकडे बघू लागली.