एकाच नंबरचे दोन डबे

रंगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी कापली गेली आणि चूक त्याची नव्हती. मार्चमधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही.

आमचं घर जुळे सोलापुरात. मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो, म्हणून हॉलला डोळ्यांना गार वाटेल असा रंग हवा होता. पोपटी नको, पिस्ताही नको. रब्बीच्या ज्वारीच्या ताटावर पांढुरकी भुकटी असते, बोटानं पुसली की खालचा हिरवा उघडा पडतो. मला तो न पुसलेला रंग हवा होता. शेड कार्डावर तो सापडला तेव्हा फार आनंद झाला.

दहा लिटरची बादली दुकानात मशीनवर रंग मिसळून आणली. पुट्टी, प्रायमर, पहिला हात झाला. दुसऱ्या हाताला शेवटची भिंत अर्धी राहिली आणि रंग संपला. त्याच दुकानातून त्याच नंबरचा चार लिटरचा डबा आणला. रात्री ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं दिसलं. सकाळी सातला ऊन आत आलं आणि त्या भिंतीवर छतापासून फरशीपर्यंत उभी रेघ! डावीकडे माझी ज्वारी, उजवीकडे नुसती राख.

दुकानदार म्हणाला, ‘मशीन चुकत नाही. रंगाऱ्यानं पाणी जास्त घातलं असणार.’ ठेकेदारानं तेच धरलं. रंगारी विशीतला, शहराच्या पूर्व भागातला मुलगा. ‘ताई, पाणी मापानंच घातलंय,’ एवढंच म्हणाला आणि त्यानं पाण्याचा मग पुढे केला. आत बोटभर उंचीवर खुणेची रेघ होती, रंग वाळून जाड झालेली. रोज त्याच रेघेपर्यंत पाणी भरत होता तो. मी ती रेघ पाहिली, आणि तरी त्याच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. ठेकेदारानं माझ्यासमोर हिशेबातून दोन दिवस वजा केले.

आठवड्यानं वडील आले. त्यांचा जन्म चादरीच्या कारखान्यात, सूत रंगवण्यात गेला. भिंत बघून ते थेट गॅलरीत गेले आणि रिकाम्या डब्यांची झाकणं उलटीसुलटी करून पाहिली. ज्यात मशीन रंग मिसळतं त्या बेसचे बॅच नंबर वेगळे होते. ‘लॉट बदललाय. एका चादरीत दोन लॉटचं सूत घातलं की पट्टा पडतोच,’ ते म्हणाले. फिक्या रंगात काळ्याचा एक थेंब इकडेतिकडे झाला तरी दिसतो, आणि डबा जितका लहान तितका तो थेंब जास्त बोलतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. भिंतीपाशी मला ते आठवू नये?

ठेकेदाराला फोन केला. मुलगा काम सोडून पुण्याला गेला होता. नंबर मिळाला नाही. त्या दोन दिवसांचे पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवलेत.

भिंत पुन्हा रंगवायचीच असं तेव्हा ठरवलं होतं. रंगवली नाही. दुपारी रेघ दिसत नाही, आणि मेच्या उन्हात तर मला ती राखेची बाजूच जास्त गार वाटली.

तुम्ही रंग काढणार असाल तर सगळे डबे आधी एका पिंपात ओतून ढवळून घ्या. फरक पडलाच तर झाकणांवरचे नंबर ताडून बघा, कुणाची मजुरी कापण्याआधी.