लाकडाचं चर्च, आठशे वर्षांचं!

दोस्तांनो, लाकडाची इमारत किती वर्षं टिकेल? पन्नास? फार तर शंभर? नॉर्वे देशात, लेर्दालच्या डोंगराळ खोऱ्यात बोर्गुंड नावाचं गाव आहे. तिथलं चर्च ११८० ते १२०० या काळात बांधलेलं आहे. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधीचं! आणि सगळं लाकडाचं, बरं का.

लांबून पाहिलं तर ते चर्च वाटतच नाही. एकावर एक उतरती छपरं, माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या, आणि वर टोकांना जबडा वासलेले ड्रॅगन! आत मात्र काळोख. भिंतींवर 'रून' नावाच्या जुन्या लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत. थोरिर नावाच्या कुणा वाटसरूने तर, आपण संत ओलाफच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी इथून जात होतो, असं कोरून ठेवलंय. (आपण किल्ल्यांवर नावं कोरली तर ओरडा खातो, आणि ते योग्यच आहे. थोरिर सुटला!)

मग हे लाकूड कुजलं कसं नाही? त्याआधीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरत. ओल लागून ते कुजत. पुढे सुतारांनी दगडी जोत्यावर आडवी तुळई ठेवली आणि तिच्यावर खांब उभे केले. शिवाय लाकडाला डांबर फासलं. रस्त्यावरचं नव्हे हं, पाइनचे बुंधे जाळून काढलेलं.

अशी चर्च एके काळी नॉर्वेत हजाराहून जास्त असावीत. आज उरलीत फक्त २८. बरीच मोडकळीला आली, कित्येक पाडली गेली. १८५१ मध्ये तर कायदाच झाला: चर्चमध्ये त्या धर्मग्रामातल्या दहातल्या तीन माणसांना तरी जागा हवी. कायद्याचा हेतू चांगलाच होता, पण जुनी चर्च पडली लहान! मग ती पाडून मोठी बांधायचा सपाटा सुरू झाला. वांग गावचं चर्च तर त्याआधीच, १८४१ साली लिलावात गेलं. योहान ख्रिश्चन डाल या चित्रकाराने ते प्रशियाच्या राजासाठी मिळवलं. सुटं केलेलं ते चर्च आज पोलंडमधल्या कार्पाच गावी उभं आहे. वाचलं, पण परदेशी गेलं!

बोर्गुंडचं नशीब बरं. १८६८ मध्ये गावाने नवं चर्च शेजारीच बांधलं, आणि जुनं पाडलं नाही. १८७७ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने ते विकतच घेतलं. आजही ते तिच्याकडेच आहे.

तरी धास्ती संपलेली नाही. १९९२ मध्ये बर्गन शहराजवळचं फांटोफ्टचं असंच चर्च कुणीतरी पेटवून दिलं. ते पुन्हा उभारलं खरं, पण जुनं लाकूड गेलं ते गेलंच. २००१ ते २०१५ या काळात उरलेल्या २८ चर्चची सरकारने दुरुस्ती करवून घेतली.

आणि डांबर? ते अजूनही फासावं लागतं. बोर्गुंडला उत्तरेची भिंत काळीकुट्ट दिसते, पण दक्षिणेची लालसर. उन्हाने तिथलं डांबर पातळ होऊन ओघळतं ना, म्हणून!