शाफ्टने आधी सरकावं

रॉक क्रॉलर गाडी धावत नाही, चढते. खऱ्या जीपच्या दहाव्या हिश्श्याची, पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३१३ मिलिमीटर अंतर असलेली ही रिमोटची गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू, एकेका दगडावर चाक टेकवत वर जाते. पाहणाऱ्याचे डोळे टायरवर आणि बॉडीवर असतात. मी पोटाखाली बघतो. मधल्या गिअरबॉक्सपासून पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे गेलेले, बोटापेक्षा थोडे लांब असे दोन शाफ्ट तिथे फिरत असतात. मोटरचा सगळा जोर त्यांच्यातूनच चाकांपर्यंत पोचतो. हे शाफ्ट मी विकत घेत नाही, घरी करतो.

करतो अकोल्यात, पारखतो अमरावतीत. याला कारण जमीन. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची काळी माती इतकी खोल आहे की खारपाणपट्ट्यातल्या वावरात पाखरावर भिरकवायलाही दगड मिळत नाही. अमरावती मात्र पोहऱ्याच्या डोंगरांना टेकून वसली आहे. वडाळी आणि छत्री तलावाकडे गेलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट उघडा पडलेला दिसतो. वरून गोलसर, कडेला धारदार, मध्येच भेग. क्रॉलरला याहून चांगली परीक्षा नाही. पुढे १११८ मीटरवरच्या चिखलदऱ्याला तर दगडांना तोटाच नाही. पण मेळघाटच्या राखीव जंगलात ही खेळणी नेऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे.

हे काम मला सुचलं ते रोटाव्हेटरमुळे. माझ्या लेथवर हंगामाच्या आधी ट्रॅक्टरचा जोर रोटाव्हेटरला पोचवणारे पीटीओ शाफ्ट येतात. ट्रॅक्टरच्या मागे मिनिटाला ५४० फेरे फिरणारा तो दांडा, दोन टोकांना दोन क्रॉस, मध्ये एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्या. क्रॉलरच्या पोटाखाली हेच यंत्र असतं, फक्त मुठीत मावेल एवढं. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव या सांध्याला मिळालं आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकचंही. इंजिनिअरिंगच्या मुलांना तो ‘हुक्स जॉइंट’ म्हणून माहीत असतो. आमच्याकडे त्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात, आणि ‘क्रॉस गेला’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

नवी मुलं शाफ्ट करायला बसली की पहिला प्रश्न असतो, कोणतं स्टील घेऊ? मी म्हणतो, स्टीलचं नंतर बघू, आधी लांबी बघ. गाडी टेबलावर सरळ उभी असताना घेतलेलं माप उपयोगाचं नाही. क्रॉलरचा अ‍ॅक्सल एका बाजूला वर दाबला जातो, दुसऱ्या बाजूला खाली लोंबतो, आणि दर वेळी गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर बदलतं. म्हणून स्प्रिंग काढून ठेवायच्या, अ‍ॅक्सल हाताने पूर्ण वर दाबून एक माप घ्यायचं, पूर्ण खाली सोडून दुसरं. पहिल्या मापात नळीच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. दुसऱ्यात दोन्ही भाग एकमेकांत पुरेसे अडकलेले असले पाहिजेत. ट्रॅक्टरच्या शाफ्टला आम्ही निदान एक तृतीयांश धरतो, तेच इथे धरावं. तळाला टेकलेला शाफ्ट स्वतः मोडत नाही. तो गिअरबॉक्सचं बेअरिंग ढकलून बाहेर काढतो, आणि मग दोष गिअरबॉक्सला मिळतो.

सरकणारा भाग करायच्या दोन रीती आहेत. पहिली चौकोनी पितळी नळ्यांची : पाच मिलिमीटरच्या नळीत चारची नळी. सोपी, सुबक. दुसरी रीत मला जास्त आवडते. बाहेर गोल पोलादी नळी, आत गोल दांडा, दांड्यात आडवी पिन, आणि ती पिन नळीला पाडलेल्या खाचेत मागेपुढे सरकते. खाच पाडायला हॅकसॉच्या फ्रेममध्ये दोन पाती एकाला एक लावून बसवायची. दोन मिलिमीटरच्या आसपास रुंदी मिळते, आणि नळीच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंती एकदमच कापल्या जातात. तोंडाशी खाच उघडी राहते, तिथे एक कडी ब्रेझिंगने बसवायची, नाहीतर जोर आला की नळीचे दोन ओठ फाकतात. काम वाढतं खरं. तरी हीच रीत का, ते पुढे सांगतो.

सांध्याचं काम सगळ्यात नाजूक. दोन योक, म्हणजे दांड्यांची बेचक्यासारखी टोकं, आणि मध्ये पोलादाचा पाच मिलिमीटरचा ठोकळा. ठोकळ्यात काटकोनात दोन भोकं. दोन्ही पिना आरपार घालायला गेलं तर त्या मध्यभागी एकमेकींना भिडतात. भोकं थोडी वरखाली पाडली तर पिना जातात, पण सांध्याचा मध्य हलतो आणि शाफ्ट थरथरत फिरतो. म्हणून एक पिन आरपार आणि दुसरी दोन अर्ध्या तुकड्यांत. पिनेसाठी सायकलचा स्पोक घ्यावा. दोन मिलिमीटरचा, ओढून कडक केलेला, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळणारा. एवढ्या पैशांत याहून चांगलं पोलाद दुसरं नाही.

आता फेजबद्दल, म्हणजे दोन टोकांचे योक एकमेकांशी कसे जुळतात त्याबद्दल. त्यासाठीच मी हा सगळा लेख लिहितो आहे. वाकलेला क्रॉस एकसारखा फिरत नाही. आत येणारा दांडा एका गतीने फिरत असला तरी बाहेरचा दांडा दर फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. २० अंशांच्या वाकावर हा फरक सहा टक्क्यांच्या आसपास असतो. ३० अंशांवर गती एकदा १३ टक्क्यांनी कमी, एकदा १५ टक्क्यांनी जास्त होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच फरक उलटा करून पुसून टाकतो, पण दोन अटींवर : दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही योक एकाच पातळीत हवेत. एक योक काटकोनात फिरलेला असेल तर फरक पुसला जात नाही, दुप्पट होतो. गाडी दगडावर चढताना झटके देते, टायर सुटतो, आणि चालवणारा मोटरला नाहीतर बॅटरीला नावं ठेवतो.

चौकोनी नळी चार प्रकारे बसते. त्यातले दोन प्रकार बरोबर, दोन चूक. पिन आणि खाचेचा शाफ्ट दोनच प्रकारे बसतो, आणि दोन्ही बरोबर. घाईतला हात, अंधारलेली संध्याकाळ, कशानेही फेज चुकत नाही. म्हणून ती कडी, ते ब्रेझिंग, तो जास्तीचा वेळ मला वाया गेला असं वाटत नाही.

मजबुतीकडे आता येऊ. सगळंच मजबूत करायचं नसतं, हे जास्त जोर आला की आधी तुटणाऱ्या रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टने मला शिकवलं. एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं बोलणं डोक्यात पक्कं बसलं आहे : “बोल्ट तुटला तं तुटला, भाऊ, गेअर फुटला असता तं हंगाम गेला असता.” क्रॉलरमध्ये गिअरबॉक्सच्या दांड्यावर योक अडकवणारी जी पिन असते, ती मी मुद्दाम स्पोकची करत नाही. साध्या मऊ खिळ्याची करतो. चाक भेगेत अडकलं आणि चालवणाऱ्याने ट्रिगर सोडला नाही, तर ती कापली जाते. खिशात आणखी खिळे असतात, दगडावरच बसून नवा घालता येतो. गिअर फुटला तर तो मागवावा लागतो. पूर्ण पोलादी, कशानेच न मोडणारे विकतचे शाफ्ट म्हणूनच मला पटत नाहीत. मोडायची जागा ते गिअरबॉक्सच्या आत ढकलतात. उलट टोकाचे प्लॅस्टिकचे शाफ्टही नकोत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तापलेल्या बेसाल्टवर नायलॉन मऊ पडतो आणि जोरात पिळला जातो.

वंगणाचं थोडक्यात : खाचेला ग्रीस लावू नका, धूळ धरून तिचा रंधा होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. ओल्या काळ्या मातीतून गाडी गेली असेल तर घरी आल्यावर शाफ्ट उतरवून धुवा. ती माती खाचेत वाळली की टोकरूनच काढावी लागते.

बडनेऱ्याच्या आणि अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना एक सांगणं आहे. हुक्स जॉइंटचं समीकरण तुम्ही परीक्षेत सोडवताच. एकदा स्पोक, खिळा आणि नळी घेऊन तो सांधा हाताने करा, वाकवा आणि बोटांत फिरवून बघा. गतीतला तो फरक बोटांना कळतो. आणि विकतचा असो की घरचा, ट्रॅक्टरचा असो की खेळण्याचा, कोणताही शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर एका रेषेत खडूची खूण करा.