शंभर वॉट

यामाहा बी-२. १९७६ सालचा जपानी स्टिरिओ पॉवर ॲम्प्लिफायर. मुंबईच्या भंगारातनं श्रीरामपुरात माझ्या दुकानी आला. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक सोल्डर आन् भिंतीवर बाबासाहेब. गिऱ्हाईक आधी भिंतीकडं बघतं, मग मशीनकडं. काही तिथूनच माघारी वळतात. वळू द्या.

याच्यात व्ही-फेट आहेत. निशिझावा नावाच्या प्राध्यापकाच्या संशोधनातनं आलेला ट्रान्सिस्टर. तो आता बनत नाही, जळला तर जळला. जपानात घरची वीज १०० व्होल्ट. आपल्या २३० वर सरळ लावला तर धूर. म्हणून मधी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर. जुने कंडेन्सर सुकलेले, ते बदलले.

दोस्तांनो, हे मशीन स्वतःचा आवाज काढत नाही. बारीकसा सिग्नल येतो. ताकद असते खांबावरल्या विजेची. ट्रान्सिस्टर नुसता तोटी फिरवतो, सिग्नल हलेल तशी वीज स्पीकरकडं सोडतो. अभंग आहे का भीमगीत, त्याला ठाव नाही. डाव्या चॅनलला १०० वॉट, उजव्याला १००. गावकी अशी वाटणी कधी करत नाही.

बापाच्या वेळी बैलगाडीवर दोन कर्णे, बॅटरीवर चालणारा एक मोनो ॲम्प्लिफायर. चौदा एप्रिलची मिरवणूक वेशीत आली की वाड्यावरला माणूस आडवा. "आवाज कमी करा रं, म्हातारं आजारी हाय." दरसाल आजारी! सप्त्याचे कर्णे सात दिवस पहाटेपासून कोकलायचे, तवा म्हातारं ठणठणीत. बाप म्हणायचा, "बटन कितीबी खाली घे, त्यांना जास्तीच ऐकू येतंय."

शिर्डीत मे २०१५ मध्ये तेच झालं. नर्सिंग शिकणारा आपला पोरगा. त्याचा मोबाईल वाजला, रिंगटोन बाबासाहेबांवरल्या गाण्याची. तेवढ्यावरनं भांडण, उचलून नेला, जीवच घेतला. मोबाईलचा स्पीकर जेमतेम एखाद्या वॉटचा. तिथं कुठला कर्णा होता, कुठला डीजे?

नियम आहेत. २००० साली झाले. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर कर्णा बंद. नियम चांगलाच आहे. मोजायचं यंत्र आधी कुणाच्या मिरवणुकीत येतं, ते तुम्ही बघताच.

तरी यंदा जयंतीला डीजेच्या भिंती नकोत म्हणून मी वस्तीतल्या पोरांशी भांडतोय. दोन चांगले स्पीकर लावू, शब्द न् शब्द कळला पायजे. आपल्याच म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही लेकरं दचकून उठतात. पोरं ऐकून घेतात. मग एकजण म्हणतो, "दादा, आपण कमी केला की ते म्हणणार, घाबरले."

बैठक परत रविवारी आहे.