रावणाच्या बाजूनें

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या रात्रीं रावण जळतो. दीड शतकाहून जुना हा उत्सव मी लहानपणापासून पाहत आलों आहें; आणि लहानपणापासूनच एक चोरटी इच्छा मनांत बाळगीत आलों आहें, कीं एखाद्या वर्षीं तरी ह्या दशाननानें इतक्या सहजासहजीं हार खाऊं नये. वडील माणसांना ती बोलून दाखविण्याची सोय नव्हती. ती पुरी झाली ती मैदानावर नव्हे, तर दोन हातांत मावणाऱ्या एका यंत्रावर.

२००९ सालीं माझ्या धाकट्या भावानें प्लेस्टेशन पोर्टेबल विकत आणलें. त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमनाचा मोठा जाच होता. संगणक तासन् तास काळें तोंड करून बसे. हें यंत्र मात्र आपल्या बॅटरीच्या बळावर अंधारांत उजळत राही. त्यांत 'डिसिडिया फायनल फँटसी' नांवाचा खेळ होता. जपानांत तो २००८ च्या डिसेंबरांत निघाला. 'फायनल फँटसी' ही मालिका १९८७ पासूनची. तिच्या पहिल्या दहा भागांतून एकेक नायक व एकेक खलनायक उचलावयाचा आणि सर्वांना एका आखाड्यांत सोडावयाचें, एवढीच ह्या खेळाची कल्पना. अकराव्या-बाराव्या भागांतलीं दोन पात्रें मागाहून हातीं लागतात. मूळ खेळांत तीस-चाळीस तास भटकावें, गांवोगांव हिंडावें, सोबती जोडावे, तेव्हां कोठें कथा उलगडते. संगणकावर त्यांतले कांहीं आम्हीं रात्री जागून पुरे केले होते. त्या नायकांना त्यांच्या कथांतून उपटून नुसतें झुंजावयास लावणें म्हणजे राम, कर्ण आणि अभिमन्यु यांची कुस्ती ठरविण्यासारखें आहे, असें मला वाटलें, आणि तसें मीं भावाला बोलूनही दाखविलें.

दोन-चार झुंजी होतांच माझें मत फिरलें. ज्यानें हा खेळ रचला त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माणूस कसा लढतो, ह्यांतच त्याचा स्वभाव सांगून होतो. दुसऱ्या भागांतला सम्राट स्वतः धांवून अंगावर जात नाहीं. तो जागोजागीं सापळे पेरतो आणि शत्रूची वाट पाहतो. विदूषकी वेषाच्या केफ्काची विद्या सरळ रेषेंत कधीं जात नाहीं. त्याचे अग्निगोलसुद्धां वेडेवांकडे. एक्सडेथ हा मूळचा वृक्ष, म्हणून तो जागचा हलावयाला नाखूष. समोरचा वार अडवावा आणि मग उलट तडाखा द्यावा, ही त्याची रीत. बार्ट्झ बिचारा सगळ्यांच्या लकबी उसन्या घेऊन लढतो. सेसिल घटकेंत काळ्या चिलखताचा, घटकेंत शुभ्र. चरित्राचीं पानेंच्या पानें ह्या मंडळींनीं चार प्रहारांत वाचून दाखविलीं. आमचे कित्येक कादंबरीकार हा धडा घेतील तर बरें.

आणि झुंजीचा मूळ नियम तर मला फारच आवडला. प्रत्येकाजवळ दोन ठेवी असतात: एक प्राणाची, दुसरी धैर्याची. साध्या वारानें शत्रूचा प्राण दुखावत नाहीं. त्याचें धैर्य तेवढें आपल्याकडे येतें. तें पुरेसें सांचलें म्हणजे दुसऱ्या जातीचा वार करावयाचा. त्याचा घाव सांचलेल्या धैर्याएवढाच खोल जातो, आणि तो बसतांच आपली पुंजी शून्यावर येते. समोरच्याचें अर्धें बळ ओढून घेणाऱ्या वालीची मला येथें आठवण झाली. तालमींतले वस्ताद तरी दुसरें काय शिकवितात? आधीं मन पाडा, पाठ मग आपोआप लागते.

पण माझा खरा ओढा होता खलनायकांकडे. येथें त्यांना हरण्याची सक्ति नाहीं. सेफिरॉथची ती लांबच लांब तलवार माझ्या हातीं असे, आणि मीं जिंकलों तर कोणाचाही कथाभंग होत नसे. भाऊ नेहमीं सेसिल घेई, मी गोल्बेझ. एकाच यंत्रावर आळीपाळीनें खेळावयाचें, आणि दुसऱ्यानें खांद्यावरून पाहत चुका काढावयाच्या. गोल्बेझ हा सेसिलचा थोरला भाऊ. तो अनर्थाच्या देवतेच्या गोटांत उभा असतो, आणि तरीही धाकट्याला त्याच्या स्फटिकाची वाट दाखवितो. हें मला तेव्हां केवळ कथेंतलें एक वळण वाटलें होतें.

वडील वारल्यावर कर्ज फेडण्यासाठीं मीं हळदीचें दोन एकर रान विकलें. भाऊ पुण्याला नोकरीवर होता. त्याला विचारलें नाहीं. विचारलें असतें तर तो नोकरी सोडून आला असता, अशी माझी समजूत. ही समजूत खरी होती कीं सोयीची, हें मी आजही शपथेवर सांगूं शकणार नाहीं. दोन वर्षें तो घरीं आला नाहीं. नात्यागोत्यांत जी कथा पसरली तींत माझी भूमिका कोणती होती, हें सांगावयास नकोच.

तिसऱ्या दसऱ्याला तो आला. रावण जळून आम्ही परतलों, आणि जेवणानंतर त्यानें विचारलें, "दादा, तें यंत्र आहे का अजून?" होतें. बॅटरी फुगून निकामी झाली होती. ती काढून तारेवर लावलें तेव्हां पडदा उजळला. पात्रें निवडावयाची वेळ आली तेव्हां त्यानें गोल्बेझवर बोट थांबविलें. सेसिल यंत्राच्या बाजूनें लढणार होता. मी खांद्यावरून पाहत बसलों.

तो तीनदां हरला.

"ह्याचा घाव पोंचायला किती उशीर लागतो, दादा!"

"लागतो," मीं म्हटलें. "थोडें आधींच सुरू करावें लागतें."

त्यानें पुन्हां गोल्बेझच घेतला.