शड्डू आणि थाप

आमच्याकडे आवाज म्हटला की शड्डूचा. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरी भरली, बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा नेली, तेव्हा गावातली पोरं महिनाभर मांड्या ठोकत फिरत होती. समर्थांचं जांब आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे तालमीतला मारुतीही घरचाच. अशा माणसाने रविवारी छत्रपती संभाजीनगरला जाऊन ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायचं म्हणजे कान नव्याने तयार करणं आलं. तिथे ऐकू येते ती जोडीदाराच्या अंगावर हाताने दिलेली थाप. म्हणजे, सोड, हरलो.

कुस्तीत पाठ लागली की निकाल पंच देतो. पैलवानाला तोंडाने हार कबूल करावी लागत नाही. गादीवरच्या कुस्तीत तर हात नव्वद अंशांपलीकडे पिळायलाच मनाई. जिउ-जित्सूत मात्र डाव थेट सांध्यावर टाकता येतो. आर्मबारमध्ये समोरच्याचा हात दोन मांड्यांत घ्यायचा, अंगठा वर, कोपर आपल्या ओटीपोटाशी. गुडघे आवळायचे, मनगट छातीशी धरायचं आणि कंबर उचलायची. ताकद फारशी लागतच नाही, भीती त्याचीच वाटते. कोपर आधी ताणलं जातं, मग ठणकतं. थाप द्यायला मधला क्षणच काय तो मिळतो. हील हुकमध्ये तेवढीही सवड नाही. पीळ टाचेला, मोडतो गुडघा, आणि कळ येईपर्यंत आतलं लिगामेंट गेलेलंही असतं. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तो २०२१ मध्ये खुला केला, तोही गी म्हणजे जाड कापडाचा पोशाख न घालता होणाऱ्या लढतींत, फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना.

१९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या एलिओ ग्रेसीचा हात पिळून मोडला. एलिओने थाप दिली नाही. कोपऱ्यातून टॉवेल पडला तेव्हा लढत थांबली. पुढे त्या पकडीला किमुराचंच नाव पडलं. पंचवीस वर्षांनी कराचीत जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकीने गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम पैलवान याला तशाच पिळात धरलं. अक्रमही नमला नाही, खांदा मात्र गेला.

हे तालमीत सांगितलं तर आमचे वस्ताद म्हणाले, “हात गेला तं गेला, नाव ऱ्हायलं ना!”

मला नाही पटत. नाव राहतं ते हजारोंच्या मैदानात. रविवारच्या सरावात राहतं ते फक्त सुजलेलं कोपर. माझा जोडीदार जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला आहे, सोमवारी त्याची पहिली पाळी असते. तो हट्टी, उशिरा थाप देणारा. त्यामुळे त्याचा हात माझ्याकडे असला की त्याची काळजीही मलाच करावी लागते. कोपर ताठ झालेलं जाणवलं की थापेची वाट न पाहता मी कंबर खाली घेतो.

“काय राव, सोडलं कामून? अजून होतं की!” तो चिडतो, आणि दुसरा हात पुढे करतो.