धुऱ्याचा तिढा

वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात गट पडले, तेव्हा कागद एकीकडे गेला आणि वहिती दुसरीकडे राहिली. शेजारच्या मामांच्या नावची जमीन माझे वडील कसायचे, आमच्या नावची मामा. मामा नात्यातले नव्हेत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. वडील होते तोवर दोन्ही घरांत त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही. तिढा पाडला तो मी.

विहिरीच्या अनुदानाला गेलो, तर सातबारा मामांचा. पीककर्ज मिळायचं ते मी कसत नसलेल्या जमिनीवर. 2021 ला ई-पीक पाहणी आली आणि माझ्या सोयाबीनची नोंदही मामांच्या गटात जायला लागली. मामा म्हणाले, "मोजणी आणू बाबा, अदलाबदल करून टाकू." मी टाळत राहिलो. माझ्या ताब्यातला तुकडा पाच-सहा गुंठ्यांनी मोठा होता आणि ते मला ठाऊक होतं. लोकांना सांगायचो, दस्ताला बाजारभावानं मुद्रांक शुल्क लागतं, एवढा पैसा कुठून आणायचा? कारण खरं होतं, म्हणूनच त्याच्याआड लपता आलं.

शेवटी मामांनी तहसीलला अर्ज केला. त्या रागात मी त्यांच्या गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. हळद काढणीचे दिवस होते. ट्रॅक्टरमागचा हळद शिजवायचा कुकर काट्यांपाशी येऊन थांबला. बाया लिंबाखाली बसल्या. पलीकडे काढलेल्या हळदीचा ढीग उन्हात पडलेला, वरचे कंद सुकायला लागलेले. मी आखाड्यावरून बघत होतो. बेणं, खत, पाणी, निंदणी करत वर्ष घालवावं तेव्हा हे पीक हातात येतं. मीही हळदच करतो. तरी उठलो नाही. दुपारी त्यांनी कुकर कालव्याच्या वाटेनं लांबून फिरवून नेला.

पुढं नुसत्या तारखा पडत गेल्या. आपण माघार घेतली नाही याचा मला अभिमान वाटायचा. इकडं माझी विहीर अडली होती, तिकडं मामांच्या मुलाचं कर्ज.

जानेवारी 2023 मध्ये शासनानं सलोखा योजना आणली. किमान 12 वर्षं एकमेकांच्या जमिनीचा ताबा असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. दोन्हीकडच्या क्षेत्रात फरक असला तरी चालतं. माझी दोन्ही कारणं संपली. दोघांची संमती मात्र हवी होती, आणि ती मागायला मामांच्या दारात जाणं मी लांबवत राहिलो. गेलो तेव्हा मामा नव्हते.

त्यांच्या मुलाला मी गुंठ्यांचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "काका, बापूंना ते माहीत होतं. तुमच्या वडिलांनीच सांगितलं होतं त्यांना. बापूंना नुसता कागद सरळ करायचा होता."

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज दिला.